ताण बघणारे दाजी

माझ्या लग्नाच्या सकाळी मांडवाच्या कडेला कासारीण नवरीला चुडा भरत होती. तेवढ्यात आमचे दाजी तिथे गेले, तिच्या टोपलीतली एक हिरवी बांगडी उचलली, मागे एक काळपट चकती धरली, पुढे दुसरी धरली, एक डोळा मिटला, पुढची चकती सावकाश फिरवली आणि सासरकडच्या झाडून सगळ्या बायांच्या देखत निकाल दिला, "ह्यात ताण हाय. टिकणार न्हाईत."

नवरीच्या आत्याने पदर तोंडाला लावला. कासारीण म्हणाली, "तुमच्या तोंडात काय पडलं भाऊ?" माझ्या सासऱ्यांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण?" वडील खाली मान घालून म्हणाले, "आमचे जावई. फिजिक्सचे हायेत." घरात एखाद्याला फिट्स येतात हे सांगावं, तसं.

तिसऱ्या दिवशी एक बांगडी तडकली. मंगल, म्हणजे माझी बायको, अजून म्हणते की दाजींची नजर लागली. मी म्हणतो, नजर लागली नाही, त्यांनी बघितलं. या विषयावर आमच्या घरात वीस वर्षं ताण आहे, आणि तो बघायला चकतीची गरज नाही.

त्या चकत्या म्हणजे पोलरॉइडचे, उजेड गाळणाऱ्या काळपट फिल्मचे, दोन तुकडे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाद झालेले. दाजी ते चष्म्याच्या डबीत घालून खिशात बाळगत. काच किंवा प्लास्टिक घाईने थंड झालं की वरून घट्ट होतं, आत मात्र ओढाताण शिल्लक राहते. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही. दोन पोलरॉइडच्या मध्ये धरलं की तिथे रंगांचे पट्टे उमटतात. दाजींनी चहाचे ग्लास बघितले, पोरांच्या कंपासपेटीतले गुण्ये बघितले, आमच्या आईचा चष्मा तिच्या नाकावरून काढून बघितला. पुढे पुढे माणसंही त्याच मापाने मोजायला लागले. माझ्या साहेबांना एकदाच भेटले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "दत्ता, ह्यांना कुणीतरी फार जल्दी थंड केलं."

माझी थोरली बहीण अक्का या माणसाला दिली, तेव्हा जालना नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दाजी मूळचे जाफराबादकडचे. घरी कापूस, भाऊबंद शेतात, आणि हे एकटेच एम. एस्सी. होऊन जालन्याच्या कॉलेजात शिकवायला आले. तिथल्याच मस्तगडला दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं. अक्का नवी नवरी म्हणून त्यात शिरली, तेव्हा रीतीप्रमाणे तिने ओल्या हळदीचा उजवा हात स्वयंपाकघराच्या भिंतीवर उठवला. पाचही बोटं स्पष्ट, करंगळीचं टोक तेवढं बाहेर वळलेलं. ते वळण माझी कृपा. मी पाच वर्षांचा असताना दार लावलं आणि तिची करंगळी फटीत होती.

दर दिवाळीला घर पांढरं व्हायचं, ती एक भिंत सोडून. धुराने काळी, तेलाने चिकट, मधोमध तो पिवळा हात. अक्का म्हणायची, "अवो, बाया हासतात मला. एवढी भिंत तरी घ्या रंगवून." दाजींचं शास्त्रीय उत्तर तयार असायचं. "त्या भिंतीत ओल हाय. चुना धरणार न्हाई. पोपडे येतील." एम. एस्सी. माणूस सांगतोय म्हटल्यावर आम्ही सगळे ओल आहे असं धरून चाललो. मी तर भिंतीला हात लावून "हो, लागते की गार," असंही म्हणालो होतो.

दाजींचं संशोधन लेसरच्या काचेवर होतं. मी बियाणं कंपनीत पिशव्यांवर लेबलं मोजणारा माणूस. उजेडाबद्दल माझं ज्ञान बटन वर आणि बटन खाली एवढंच. पण त्यांनी मला समजावलं होतं. काचेत निओडिमियम नावाची चीज चिमूटभर घालायची, कांडी ओतायची, तिच्यावर लख्ख उजेड टाकायचा. मग आतले कण तो उजेड पितात आणि सगळे मिळून एकाच पावलाने, एकाच दिशेने परत सोडतात.

"कवायतीसारखं," ते म्हणाले. "एक बी पाऊल चुकलं न्हाई पायजे."

अक्का भाकरी थापत ऐकत होती. "अन् मंग त्यानं काय होतं?"

"लोखंडाला भोक पाडता येतं."

"ते तर मिस्त्री पाडून देतो कोपऱ्यावरचा," अक्का म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

निओडिमियमची फिकट जांभळी पूड विद्यापीठातले त्यांचे गाईड पाकिटातून पाठवत. अडचण होती ती भट्टीची. कॉलेजातली भट्टी चहा गरम करण्याच्या पुढे जात नसे. शेवटी दाजींनी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमधल्या भट्टीवरच्या मिस्त्रीला गाठलं. रशीदभाई. जिथे लोखंडाच्या कांड्या लाल होत, तिथे एका कोपऱ्यात दाजींची झाकण लावलेली मूस बसायला लागली. सोनाराकडे असते तशीच, जरा मोठी. रविवारी सकाळी दाजी सायकलला डबा अडकवून निघायचे. रशीदभाई लांबूनच ओरडायचे, "आव सर, खीर पकरी तुमारी!"

खीर ओतून झाली की ती हळू थंड करायची. दाजींच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत मोठं तत्त्व. अंगणात खड्डा, खड्ड्यात भट्टीची गरम राख, राखेत काच. पाच दिवस. त्या पाच दिवसांत घरात कुणी मोठ्याने बोललं तरी दाजी बोट वर करायचे, "घाई न्हाई. ताण आत ऱ्हातो." राखेत जागा उरायची म्हणून एकदा त्यांनी अक्काच्या डझनभर बांगड्याही पुरल्या. भाकरी थापताना परातीवर आपटून तिच्या बांगड्या सारख्या तडकायच्या, राखेतल्या तडकेनात. अक्काला ते इतकं पटलं की पुढच्या काचेबरोबर तिने आणखी एक डझन राखेत ठेवून घेतल्या आणि डब्यात जपून ठेवल्या. मस्तगडातली कासारीण दाजींना शिव्या देत असे.

काच मात्र सुरेख यायची. उन्हात जांभळट, आणि तीच ट्यूबलाइटखाली नेली की निळी. दाजी ती घेऊन दारातून आत, आतून दारात अशा चकरा मारायचे आणि आम्ही प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणायचो.

पहिल्या कांडीचं उत्तर गाईडकडून एका ओळीत आलं. काचेत लोखंड शिरलंय. अशा काचेतून लेसर निघत नाही. भट्टीतली धूळ, धूर, कुठून ना कुठून ते मुशीत उतरायचं. दाजींनी दोन झाकणं लावली, झाकणावर माती लिंपली, मूस बदलली. नऊ वर्षं. दर वेळी काच सुरेख, दर वेळी आत लोखंड. रशीदभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, जालन्यात हवा बी लोखंडाचीच हाय. तुमी तरी काय करता?" मग गाईड निवृत्त झाले, मग वारले. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन गेलं. विद्यापीठाचं तसं पत्र आलं त्या दिवशी अक्का म्हणाली, "लोखंड हाय म्हणता ना आत? मंग मजबूत असंल काच." दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना तसं हसताना पुन्हा बघितलं नाही.

सगळ्या नातेवाइकांना एकेक जांभळा तुकडा मिळाला. माझ्या टेबलावर लेबलांच्या गठ्ठ्यावर अजून आहे.

नंतर एका सकाळी परातीसमोरच अक्का कलंडली. उजवी बाजू गेली. दवाखान्यात सलाइन लावताना उजव्या हातातल्या बांगड्या फोडाव्या लागल्या. महिन्याभराने ती पाय ओढत का होईना चालायला लागली, बोलणंही पुष्कळसं परत आलं. हात आला नाही. मूठ आवळली ती आवळलीच. बोटं तळव्यात रुतलेली. त्या मुठीवरून बांगडी चढेना. डाव्या हातात चुडा आणि उजवं मनगट भुंडं. कुणी आलं की ती तो हात पदराखाली घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलं, जबरदस्तीने उघडू नका, रोज थोडं थोडं करा, आलं तर येईल.

अक्काने दोनच गोष्टी मागितल्या. "एक भाकर ह्या हातानं थापायची. अन् ह्या हातात बांगड्या पायजेत. असं उघडं मनगट घेऊन मी जाणार न्हाई."

त्याच आठवड्यात दाजींनी मुशी, पुड्या, कांड्या गोणीत बांधून माळ्यावर टाकल्या. मला वाटलं, माणूस शुद्धीवर आला. आठ दिवसांनी गेलो तर स्वयंपाकघरात उग्र वास आणि चुलीवर पातेल्यात प्लास्टिक उकळतंय.

"काय करून राह्यले दाजी?"

"आठवण असलेलं प्लास्टिक."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. फर्निचरवाले वापरतात तसल्या रेझिनमध्ये हार्डनर नेमक्या प्रमाणात मिसळून एखाद्या आकारात ओतायचं. घट्ट झालं की तो त्याचा मूळ आकार. गरम पाण्यात घातलं की ते मऊ पडतं, मग हवं तसं दुमडा, गार करा, दुमडलेलंच राहतं. पण पुन्हा ऊब लागली की आपोआप, कुणी न सांगता, मूळ आकारावर येतं. दाजींचा बेत असा: उघड्या पंजाच्या आकाराची पातळ पट्टी ओतायची, ती गुंडाळून अक्काच्या मुठीत बसवायची, आणि कोमट पाण्याच्या पिशवीने शेकायचं. पट्टी उलगडेल तशी बोटं तिच्याबरोबर थोडी थोडी येतील.

मला संताप आला. माझी बहीण आजारी, आणि हा माणूस भाकरीच्या चुलीवर रेझिन शिजवतोय. मी म्हणालो, "दाजी, काचेनं भागलं न्हाई, आता अक्का प्रयोगाला घेतली का?" आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाई न्हाई." मी दोन महिने त्या घरात पाऊल टाकलं नाही. मंगल जायची.

एक दिवस ती येऊन म्हणाली, "दाजींचा हात बघितला का? तळवा सगळा भाजलाय. स्वयंपाक करायला शिकले वाटतं, पण जमंना."

मी गेलो. तळव्यावर एकावर एक पट्टे, काही काळे, काही ओले. स्वयंपाकाचे नव्हते. पट्टी जास्त गरम केल्याशिवाय मऊ पडत नव्हती, आणि किती गरम चालेल ते ठरत नव्हतं. म्हणून प्रत्येक पट्टी ते आधी स्वतःच्या मुठीत धरून बसायचे.

"अहो, थर्मामीटर हाय की," मी म्हणालो.

"थर्मामीटरला चटका कळत न्हाई. हिलाबी त्या हातात कळत न्हाई, दत्ता. मला कळतो."

मी चहा न घेता परत आलो. पण त्यानंतर रोज ड्यूटीवर जायच्या आधी सायकल मस्तगडावरून वळवायला लागलो.

शेवटी पट्टी जमली. रोज सकाळी ती कापडात गुंडाळून अक्काच्या मुठीत जायची, वर कोमट पिशवी, आणि दाजी शेजारी व्हर्निअर घेऊन बसायचे. बोटाचं टोक आणि तळवा यातलं अंतर मोजून वहीत लिहायचे.

"आज चार मिलिमीटर."

"मला मिलिमीटर नको, भाकर पायजे," अक्का म्हणायची.

"येती. घाई न्हाई."

"तुमची काच नऊ वर्षं येतीच व्हती."

यावर दाजी व्हर्निअर पुसायला घ्यायचे. मी हसू लपवायला लेबलांचा गठ्ठा शोधायचो. तो कंपनीत असायचा.

दीड वर्ष. पहिलं बोट, दुसरं बोट, मग अंगठा बाहेर आला. एका सकाळी अक्काने परात मागितली. दाजींनी पीठ मळलं, डाव्या हाताने तिने गोळा ठेवला आणि उजव्याने दाबला. दोन बोटं आणि अंगठ्याचं मूळ, बाकीची दुमडलेलीच. भाकरीला एका बाजूने कडा होत्या, दुसऱ्या बाजूने जाफराबाद तालुक्याच्या नकाशासारखे दात. अक्काने ती उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "ही मोजू नका हां." दाजींनी ती कोरडीच खाल्ली. मला तुकडा दिला नाही.

राहिल्या बांगड्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून आवळलेलं, त्यामुळे बांगडी चढत नव्हती. दाजींनी हिशोब केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुदत दिली. "दिवाळीला भरू."

दसऱ्याच्या चार दिवस आधी सकाळी अक्काला दुसरा झटका आला. दुपारही काढली नाही तिने.

बायांनी पाणी तापवलं. आम्ही पुरुष बाहेर बसलो होतो. थोड्या वेळाने मंगल दारात आली. "दाजी, आत या. मूठ सुटली."

मी त्यांच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो. अक्काचा उजवा हात पाटाच्या कडेला पडला होता. पाचही बोटं सैल, तळवा वर. शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "सर, उघडला हो तुमच्या पट्टीनं. जमलं तुमचं."

"न्हाई," दाजी म्हणाले. "ताण गेला. ते माझं काम न्हाई."

ते माळ्यावर चढले, डबा काढला. राखेत निवलेल्या हिरव्या बांगड्या. एकेक उचलली, मागे चकती, पुढे चकती, सावकाश फिरवली. घरात बायामाणसं भरलेली. सहा बांगड्या बघून झाल्यावर त्या त्यांनी मंगलच्या हातात दिल्या.

"ह्यात ताण न्हाई. भरा."

यापुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दाजींच्या गमती चघळायच्या आणि स्वतःची करामत झाकायची, हे बरोबर दिसत नाही.

दाजी अस्थी घेऊन भाऊबंदांबरोबर पैठणला गेले. मी मागे राहिलो. तेराव्याला माणसं येणार, घर कळकट. भाऊ म्हणून आपण काहीतरी करावं असं मला वाटलं. एक रंगारी धरून आणला आणि दोन्ही खोल्या पांढऱ्या करून घेतल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी रंगारी थबकला. "ही बी?" मी म्हणालो, "ही बी. सगळ्यात घाण हीच हाय." एकदा चुना मारूनही पिवळं खालून दिसतच होतं. मी म्हणालो, "दुसरा हात मार." तरी दिसलं. तिसरा मारायला लावला. उभं राहून.

संध्याकाळी दाजी आले. हातपाय धुतले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच राहिले. मी मागून गेलो, शाबासकी मिळेल म्हणून. ते भिंतीवर तळवा टेकवून उभे होते.

"दाजी, धरला बघा चुना," मी म्हणालो. "ओल-बिल काई नव्हती."

"न्हाई," ते म्हणाले. "कधीच नव्हती."

मग खाली बसले. मी न विचारताच म्हणाले, "पट्टीचं माप तिथून घेतलं व्हतं."

मी रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तळव्याचे भाजलेले वळ शर्टातूनही कळत होते.

मी सकाळी मस्तगडावरून सायकल वळवणं सोडलं नाही. एक दिवस जरा लवकर पोचलो. दाजी आंघोळीचं पाणी काढत होते. बादलीत विसण घातलं, बोटाने ऊब बघितली आणि कोनाड्यातून ती पट्टी काढली. मुठीसारखी आवळलेली, पिवळसर, अर्धवट आरपार. मी ती आजवर कापडात गुंडाळलेलीच बघितली होती. त्यांनी ती पाण्यात सोडली आणि पाट ओढून बसले. मीही बसलो.

आधी काही झालं नाही. मग अंगठा हलला. मग पहिलं बोट, दुसरं, तिसरं, एकेक करून, कुणी न सांगता. शेवटी करंगळी उलगडली, आणि तिचं टोक बाहेर वळलेलं होतं.

पाण्यात तळाशी अक्काचा हात पसरला होता.

पाणी गार होईपर्यंत आम्ही बघत बसलो. मग दाजींनी चुलीवर तांब्याभर पाणी पुन्हा तापवलं, हात त्यात मऊ केला, आणि एकेक बोट जपून दुमडायला लागले.

मला राहवलं नाही. "दाजी, उघडलाय तर राहू द्या की उघडा. कशाला मिटवता?"

त्यांनी करंगळी दुमडली, मूठ माठातल्या गार पाण्यात धरली आणि घट्ट होईपर्यंत वाट बघितली.

"मिटवला न्हाई," ते म्हणाले, "तर उद्या सकाळी मी काय करू?"